मलिक अंबर : विकल्या गेलेल्या एका मुलाचा आत्मविश्वास

– एक सहशिक्षक, बी. ए., बी. एड.



काही वर्षांपूर्वी नववीच्या मुलांची सहल घेऊन आम्ही शिक्षक वेरूळ-खुलताबादला गेलो होतो. लेणी पाहून झाली, दर्ग्यात फातेहा पढून झाला आणि परतण्यापूर्वी आम्ही मुलांना मलिक अंबर यांच्या कबरीकडे नेले. तेथे सावलीत बसून सर्वांनी डबे उघडले. मी नेहमीप्रमाणे माहिती सांगितली. आपले शहर यांनी वसविले, नहर यांनी बांधली, मोगलांशी यांनी झुंज दिली, वगैरे. माझे बोलणे संपले तेव्हा शेवटच्या बाकावर बसणाऱ्या आणि वर्गात सहसा तोंड न उघडणाऱ्या एका मुलाने मला विचारले की, मलिक अंबर आपल्या वर्गात पहिला येत असे काय? बाकीची मुले खो खो हसली. तोही ओशाळून हसला. मीही प्रश्न हसण्यावारी नेला.

परंतु परतीच्या बसमध्ये त्या प्रश्नाने माझा पिच्छा सोडला नाही. त्या मुलाला इतिहासातील माहिती नको होती. जो पहिला येत नाही त्याचे पुढे काही भले होते की नाही, एवढेच त्याला जाणून घ्यायचे होते. त्या दिवशी देता न आलेले उत्तर आज या स्मरणिकेच्या निमित्ताने देण्याचा प्रयत्न करीत आहे.

विकलेले बालपण

मलिक अंबर यांचा जन्म सुमारे १५४८ साली आफ्रिका खंडातील हबसाण, म्हणजे आजच्या इथिओपिया देशात झाला. त्यांचे मूळ नाव चापू असे होते. घरची गरिबी म्हणा किंवा त्या काळची लूटमार म्हणा, हा मुलगा लहानपणीच गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती पडला. येमेन देशातील मोखा बंदरात तो विकला गेला. पुढे १६१७ साली पीटर व्हॅन डेन ब्रूके नावाचा डच व्यापारी त्यांना भेटून गेला. त्याने आपल्या लिखाणात त्या विक्रीची किंमतही नोंदवून ठेवली आहे. ती होती ८० गिल्डर.

विद्यार्थी मित्रांनो, जरा थांबून याचा विचार करा. ज्या वयात तुमची अम्मी तुमच्या दप्तरात डबा ठेवते, त्या वयात या मुलाला आईबाप, गाव, भाषा सारे काही गमवावे लागले. बाजारात उभे करून लोकांनी त्याचे दात तपासले असतील, दंड चाचपले असतील आणि त्याच्या देखत त्याची किंमत ठरविली असेल. त्याचे बालपण सुखाचे होते असे कोणीही म्हणू शकणार नाही. हालअपेष्टांमुळेच माणूस मोठा होतो, असे काही लोक मोठ्या उत्साहाने सांगतात. मला ते पटत नाही. हालअपेष्टांनी हजारो मुले मोडून पडतात. एखादा सावरतो, तेव्हा त्याला सावरणारे काहीतरी वेगळेच असते. चापूच्या बाबतीत ते काय होते, हेच आपल्याला पाहावयाचे आहे.

बगदादचा घरधनी

मोख्याहून हा मुलगा बगदाद शहरी आला आणि मीर कासिम अल-बगदादी या व्यापाऱ्याच्या घरी राहिला. मुलाची बुद्धी तल्लख आहे हे मीर कासिमच्या ध्यानात आले. त्याने त्याला नुसते पाणी भरायला आणि ओझी वाहायला ठेवले नाही. त्याला वाढविले, तालीम दिली. याच काळात तो मुसलमान झाला आणि त्याचे नाव अंबर ठेवण्यात आले. अंबर हा एक मौल्यवान सुगंधी पदार्थ आहे. त्या काळी गुलामांना अशी सुवासाची व रत्नांची नावे देण्याची रीत होती.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. मीर कासिम हा कितीही भला असला तरी तो त्या मुलाचा मालक होता, आणि माणसाने माणसाचा मालक असणे हा अन्यायच आहे. मीर कासिमने त्याला स्वातंत्र्य दिले नाही, हे विसरता कामा नये. तरीसुद्धा त्याने एक काम असे केले, जे पुष्कळ सख्ख्या आईबापांकडून आणि आम्हा शिक्षकांकडूनही राहून जाते. त्याने मुलाकडे नीट पाहिले. या पोराच्या ठायी काही आहे, हे त्याने ओळखले आणि त्याप्रमाणे वागला.

तुमच्या-आमच्या मुलांचा आत्मविश्वास कोठून येतो? तो बाजारात मिळत नाही आणि भाषणे ऐकूनही येत नाही. माझा वर्गातील अनुभव असा आहे की, मुलाचा स्वतःवरचा विश्वास हा सुरुवातीला दुसऱ्याने दिलेला उसना विश्वास असतो. कोणीतरी मोठे माणूस आधी विश्वास ठेवते, मूल त्या उसन्या भांडवलावर एखादे लहानसे काम करून पाहते, ते काम जमते, आणि मग तो विश्वास हळूहळू त्याचा स्वतःचा होतो. ज्याला आरंभीचे हे भांडवलच कोणी दिले नाही, त्याने व्यापार कशाच्या जोरावर करावा?

एक हजारातील एक

सन १५७० नंतरच्या काही वर्षांत अंबर दख्खनमध्ये आणला गेला. अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतले. हा चंगेजखान स्वतः हबशी होता आणि एकेकाळी गुलामच होता. त्याच्या पदरी सुमारे एक हजार हबशी गुलाम होते. दरबाराचा कारभार कसा चालतो, फौज कशी उभी करतात, वसूल कसा गोळा होतो, हे सारे अंबरला येथे जवळून पाहावयास मिळाले. आपल्यासारखाच रंग, आपल्यासारखेच नशीब घेऊन आलेला माणूस पेशवेपदी बसलेला त्याने रोज पाहिला. किशोरवयातून नुकत्याच बाहेर पडलेल्या तरुणाला यापेक्षा मोठा धडा कोणता असणार?

मी मात्र नेहमी त्या एक हजारांचा विचार करतो. त्यांपैकी एकाचेच नाव आज आपल्या तोंडी आहे. बाकीचे काय निर्बुद्ध होते? त्यांच्यातील किती जणांना कोणी मीर कासिम भेटलाच नसेल? आपल्या वर्गात साठ मुले असतात. जो पहिला येतो त्याचा सत्कार आपण या स्मरणिकेत छायाचित्रासह करतो आणि तो केलाच पाहिजे. परंतु उरलेल्या एकोणसाठांकडे नीट पाहणारे कोणी आहे की नाही, यावर समाजाची प्रगती ठरते.

१५७४-७५ च्या सुमारास चंगेजखान मरण पावला. त्याच्या विधवा पत्नीने अंबरला गुलामीतून मुक्त केले. इतिहासाच्या पुस्तकांत या बाईसाहेबांना एखादी ओळच मिळते. पण तिच्या त्या एका निर्णयाने पुढच्या पन्नास वर्षांचा दख्खनचा इतिहास घडला. घरातील बाईच्या हातून होणाऱ्या गोष्टी लहान समजू नयेत, एवढेच येथे सांगतो.

सत्तेचाळिसाव्या वर्षी दीडशे स्वार

आता पालकांनी विशेष लक्ष द्यावे. मुक्त झाल्यानंतर मलिक अंबर यांनी काय केले? लगेच राज्य मिळविले काय? मुळीच नाही. जवळजवळ वीस वर्षे ते या दरबारातून त्या दरबारात चाकरी करीत फिरत होते. काही काळ विजापूरला होते; मलिक ही पदवी त्यांना तेथेच मिळाली. १५९५ साली ते पुन्हा अहमदनगरला आले आणि अभंगखान या सरदाराला मिळाले, तेव्हा त्यांच्याबरोबर फक्त दीडशे घोडेस्वार होते. त्यांचे वय सुमारे सत्तेचाळीस वर्षांचे होते.

आपल्या मोहल्ल्यात एखाद्याचा मुलगा दहावीत नापास झाला, की संध्याकाळपर्यंत त्याच्या साऱ्या आयुष्याचा निकाल लागतो. चुलते, मामा, शेजारी येऊन सांगतात की, आता याला गॅरेजवर घाला. मुलगी असेल तर तेवढेही बोलणे होत नाही. तिची शाळा निमूटपणे बंद होते. गॅरेजच्या कामात कमीपणा नाही. हाताला काम असणारा माणूस इज्जतीने जगतो. पण काम शिकविणे निराळे आणि सोळाव्या वर्षी मुलाच्या कपाळावर शिक्का मारणे निराळे. सत्तेचाळिसाव्या वर्षी ज्याच्यापाशी दीडशे घोडी होती, त्याचा निकाल सोळाव्या वर्षी लावला असता तर काय झाले असते?

१६०० साली अहमदनगरचा किल्ला मोगलांनी जिंकला. चांदबीबी मारली गेली. राज्य बुडाले असे सर्वांना वाटले. अशा वेळी मलिक अंबर यांनी निजामशाही घराण्यातील एका तरुण राजपुत्राला शोधून परांड्याच्या किल्ल्यात तख्तावर बसविले. तोच दुसरा मुर्तजा निजामशहा. पुढे परांडा, जुन्नर, दौलताबाद अशी राजधानी हलवीत त्यांनी राज्य टिकवून धरले.

पडणे आणि उठणे

१६१० साली त्यांनी खडकी या गावाच्या जागी नवे शहर वसविले. तेच आपले शहर. त्या वेळी ते साठी ओलांडलेले होते. भडकल दरवाजा, काळी मस्जिद, नौखंडा महाल या त्यांच्याच खुणा होत.

परंतु हे शहर एकदा वसले आणि सुखाने नांदले असे झाले नाही. १६१६ साली रोषणगावच्या लढाईत मलिक अंबर यांचा मोठा पराभव झाला आणि मोगल फौजेने खडकी जाळून लुटली. पुढल्याच वर्षी त्यांना मोगलांशी तह करून मुलूख सोडावा लागला. १६२१ साली खडकीची पुन्हा नासाडी झाली. सहा वर्षांत दोनदा बेचिराख झालेले शहर त्यांनी दोन्ही वेळा पुन्हा उभे केले. आत्मविश्वास म्हणजे कधीही न हरणे, असे आपण मुलांना शिकवितो. तो समज चुकीचा आहे. हरल्यानंतर दुसऱ्या दिवशी उठून विटा मोजायला बसणे, याचे नाव आत्मविश्वास. आणि ते मुलाला जमावे म्हणून, हरून घरी आल्यावर त्याला जेवायला वाढणारे कोणीतरी असावे लागते. आधी जेवण, मग गुणपत्रिका. एवढा क्रम जरी आपण पाळला तरी पुष्कळ होईल.

त्याच काळात, १६१७-१८ च्या सुमारास, त्यांनी नहर-ए-अंबरी बांधली. शहराच्या उत्तरेला हर्सूलकडील डोंगरांच्या पायथ्याला जमिनीखाली झिरपणारे पाणी त्यांनी बांधीव भुयारातून शहरात आणले. हवा खेळावी आणि आत उतरून गाळ काढता यावा म्हणून ठिकठिकाणी विहिरीसारखी तोंडे ठेवली. पुढे ते पाणी खापराच्या नळांतून हौदांपर्यंत खेळविले. सारे काम केवळ जमिनीच्या उतारावर चालत असे. ना इंजिन, ना मोट. शेकडो वर्षे या नहरीने शहराची तहान भागविली. आज ती बऱ्याच ठिकाणी बुजली आहे, ही आपल्या सर्वांची बेपर्वाई होय.

नहर पाहताना मला नेहमी वाटते की, पाणी तेथे आधीपासूनच होते. डोंगराखाली ते वर्षानुवर्षे झिरपत होते. वरून चालणाऱ्याला कोरडी जमीनच दिसत होती. मुलांचेही तसेच आहे.

स्वतःची ताकद ओळखणे

मोगलांची फौज प्रचंड होती. मोकळ्या मैदानात तिच्याशी भिडण्यात शहाणपण नाही, हे मलिक अंबर यांनी ओळखले. त्यांच्यापाशी काय होते? डोंगर, घाट, किल्ले, काटक घोडी आणि या मुलखाची खडान्‌खडा माहिती असलेले मराठे स्वार. त्यांनी गनिमी काव्याने लढण्याचा मार्ग धरला. रसद तोडायची, रात्री छापा घालायचा, पाठलाग झाला की घाटात दिसेनासे व्हायचे. १६२४ साली अहमदनगरजवळ भातवडी येथे त्यांनी तलावाचा बांध फोडून शत्रूच्या छावणीत पाणी सोडले आणि मोगल व आदिलशाही यांच्या एकत्र फौजेचा पराभव केला. त्या लढाईत शहाजीराजे भोसले त्यांच्या बाजूने लढले होते. हबशी, दख्खनी मुसलमान आणि मराठे यांनी एकत्र येऊन मिळविलेला तो विजय होता.

विद्यार्थ्यांनी यातून एवढेच घ्यावे. माझ्यापाशी काय नाही, याची यादी कधीच संपत नाही. माझ्यापाशी काय आहे, ती यादी आधी करावी. कोणाचे गणित चांगले असते, कोणाचा आवाज, कोणाचा हात चित्रात चालतो, कोणी दुकानात बसून गिऱ्हाइकाशी नीट बोलतो. ज्याला आपली एक तरी ताकद ठाऊक आहे, तो मुलगा सकाळी शाळेत यायला कंटाळत नाही. शाळकरी वयातील आनंद म्हणजे तरी दुसरे काय असते?

लोकांनी ठेवलेली नावे

बादशहा जहांगीर मलिक अंबर यांचा इतका द्वेष करीत असे की, आपल्या आत्मचरित्रात त्याने त्यांच्या रंगावरून त्यांना वाईट शब्द वापरले आहेत. त्याच्या दरबारी चित्रकाराने एक चित्रही काढले. त्यात बादशहा मलिक अंबरांच्या मस्तकावर बाण मारीत आहे. प्रत्यक्षात मात्र तो बाण कधीच लागला नाही. १६२६ साली, ऐंशीच्या घरात असताना, मलिक अंबर आपल्याच मुलखात नैसर्गिक मृत्यूने गेले. आणि मौज अशी की, त्यांच्या निधनाची नोंद करताना मोगल दरबारच्याच मुतमदखान या इतिहासकाराने त्यांच्या युद्धकौशल्याची, न्यायाची आणि कारभाराची मोकळ्या मनाने तारीफ केली.

त्यांच्या कारभाराची आठवण शेतकऱ्यांनीही ठेवली. जमिनीची प्रत पाहून सारा ठरविणे, मक्तेदाराकडून रयतेची होणारी पिळवणूक थांबविणे, ही त्यांची पद्धत मलिकंबरी म्हणून मराठी मुलखात पुढे कितीतरी काळ ओळखली जात होती.

आपल्या शाळांतून मुलांना किती नावे ठेवली जातात, याचा हिशेब एकदा मांडून पाहावा. ढ, मठ्ठ, काळ्या, बावळट. आणि घरी चुलतभावाशी रोज होणारी तुलना वेगळीच. मी स्वतः यातून सुटलेलो नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी मीही एका मुलाला असेच एक नाव ठेवले होते. ते वर्गाने उचलले आणि वर्षभर त्याला चिकटले. त्याची माफी मागायला मला फार उशीर झाला. सगळीच मुले मलिक अंबर नसतात. बादशहाची शिवी पचविण्याची ताकद चौदा वर्षांच्या पोरात कोठून येणार? ती शिवी त्याला खरी वाटते.

जे वारशाने देता येत नाही

एक गोष्ट सांगून आवरते घेतो. मलिक अंबर यांच्यामागे त्यांचा मुलगा फतेहखान पुढे आला. बापाने शून्यातून मिळविलेले सारे काही त्याला आयते मिळाले. शहराचे नावही त्याने आपल्या नावावरून फतेहनगर ठेवले. पण १६३३ साली दौलताबादचा किल्ला त्याने मोगलांच्या हवाली केला. बापाने दोन तपांहून अधिक काळ सांभाळलेले राज्य सात वर्षांत गेले. घर, दुकान, नाव, पैसा वारशाने देता येतो. आत्मविश्वास मात्र ज्याचा त्याला करून पाहूनच मिळवावा लागतो. म्हणून मुलांची सारी कामे आपण करून देऊ नयेत. त्यांना करू द्यावीत, चुकू द्यावीत, आणि चुकल्यावर जवळ असावे.

आपल्या शहराने खडकी, फतेहनगर आणि १६५३ पासून औरंगाबाद अशी नावे पाहिली. २०२३ पासून ते छत्रपती संभाजीनगर आहे. चापूचा अंबर झाला, अंबरचा मलिक अंबर झाला. नावे दुसरे लोक ठेवतात. काम मात्र आपले असते आणि ते जमिनीखालच्या नहरीसारखे मागे राहते.

आता त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर. बाळा, मलिक अंबर वर्गात पहिला येत असे की नाही, हे कोणत्याच पुस्तकात लिहिलेले नाही. तो शिकत होता आणि त्याच्यावर कोणीतरी विश्वास ठेवला होता, एवढे मात्र लिहिलेले आहे.

सहलीनंतरच्या आठवड्यात मी त्या मुलाला नहरीचा नकाशा काढून आणायला सांगितले. त्याने तो मोठ्या कागदावर काढला. डोंगर, भुयार, हौद सारे दाखविले आणि पाणी निळ्या पेन्सिलीने रंगविले. आम्ही तो वर्गाच्या भिंतीवर लावला. दुसऱ्या दिवशी घंटा होण्यापूर्वीच तो येऊन त्या नकाशासमोर उभा होता. एवढेच घडले. त्याला पहिला नंबर मिळाला नाही. पण त्या वर्षी तो पुन्हा विनाकारण गैरहजर राहिला नाही.

आपल्या प्रत्येक मुलाला आणि मुलीला असे नीट पाहणारे एक तरी माणूस घरात आणि एक तरी शाळेत मिळो, हीच अल्लाहपाशी दुआ. आमीन.